शंभर टक्के पांढरी

मी चकती बोलतेय. तळहातावर मावेल एवढी, काळ्या कड्यात बसवलेली, पांढरीशुभ्र. आधीच सांगून ठेवते, माझ्या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका. वर्षानुवर्षं लोकांनी माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि त्यापायी एका सरळ मुलीवर लबाडीचा आळ यायची वेळ आली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बारीक पांढरी पूड साच्यात घालून दाबली, भट्टीत भाजली, मग लेथवर फिरवून माझा चेहरा सपाट केला. शेवटी एका माणसाने मला दिव्याखाली धरलं आणि माझ्या नावाने एक कागद लिहून दिला. माझ्यावर पडलेल्या उजेडातला शंभरातले नव्याण्णव भाग मी परत करते, आणि परत करताना लाल, निळा, हिरवा असा भेदभाव करत नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्याच कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : ‘चेहऱ्याला हात लावू नये.’ कारण माझ्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आहेत. तेल, धूर, अत्तर, जे जवळ येईल ते मी पिऊन टाकते.

वरचे आकडे सगळ्यांनी वाचले. खालची ओळ किती जणांनी वाचली, कोण जाणे.

मी आले ती खोली तळमजल्यावरची. खिडकीला जाड काळा पडदा. मधोमध टेबल, टेबलावर वाकलेल्या मानेचा दिवा आणि त्याच्या शेजारी एका नळीच्या टोकाला बसवलेला यंत्राचा डोळा. इथे दगड बघतात. साधे नव्हेत, आभाळातले. सूर्याभोवती फिरता फिरता आपल्या पृथ्वीच्या वाटेजवळून जाणारे काही लघुग्रह आहेत. ते कशाचे बनलेत, त्यांच्या अंगावर कुठली खनिजं आहेत, हे इथली माणसं उजेडावरून ओळखतात. प्रत्येक खनिज उजेडातला आपापला घास खातं. कुठला घास कमी झाला हे यंत्राच्या रेघेवर दिसतं, आणि त्यावरून खनिज कळतं.

यात माझं काम असं. आधी दिव्याखाली मला ठेवायचं. मी परत केलेला उजेड यंत्र शंभर टक्के धरतं. म्हणजे एक टक्का ते मला फुकटच देतं, पण मी कधी तक्रार केली नाही. मग माझ्या जागी दगड ठेवायचा. दगडाने किती उजेड दिला, त्याला माझ्या उजेडाने भागायचं. जो आकडा येईल तो दगडाचा स्वभाव. थोडक्यात, या खोलीतल्या प्रत्येक दगडाची परीक्षा माझ्या तोंडावर अवलंबून.

संशय हा इथल्या कामाचाच भाग आहे. मोजताना कुणी पांढरा सदरा घातला असेल तर त्याला भिंतीशी उभं करतात, कारण सदऱ्यावरचा उजेड उडून दगडावर पडेल. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणतात. त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे : “आकडा मनासारखा आला ना, की आधी घाबरा.” मलाही हळूहळू तीच सवय लागली. कोणी खोलीत आलं की मी आधी त्याच्या बाह्यांकडे बघते आणि मग बोटांकडे.

खोलीत रोज येणारे तिघे. पहिले मामा. दिवे बदलणं, स्क्रू आवळणं, कपाटांच्या किल्ल्या सांभाळणं हे त्यांच्याकडे. दुसरा दाढीवाला. त्याचं संशोधन संपत आलेलं, त्यामुळे त्याला दुसऱ्यांच्या कामात लक्ष घालायला वेळच वेळ. आणि तिसरी खारूताई. हे नाव दाढीवाल्यानेच ठेवलं, कारण ही मुलगी जे दिसेल ते खिशात टाकते. पेन्सिलचा तुकडा, टाचणी, कागदाचा कपटा. बोलणं कमी. कोणी हाक मारली की आधी दचकते, मग “हो” म्हणते. मला ती पहिल्यापासून जरा खटकायची. इतकं गप्प राहणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी शिजत असतं, असं मला वाटायचं.

एके दिवशी खोलीत चिमूटभर धूळ आली. एका यानाने दूर जाऊन खऱ्याखुऱ्या लघुग्रहावरून खरवडून आणलेली. दुसऱ्या संस्थेने ती वर्षभराच्या बोलीवर उसनी दिली होती. काचेच्या झाकणाची पोलादी डबी, आत कोरडा वायू भरलेला, आणि तळाला ते दाणे. परवानगीशिवाय डबी उघडायची नाही. मोजमाप काचेतूनच करायचं.

मॅडमनी ती खारूताईच्या हातात दिली. “तुझी डिग्री यात आहे,” त्या म्हणाल्या. “आणि माझी अब्रूही.”

ते दाणे मी जवळून पाहिलेत. रंगाने काळपट, तांबूस. मूळचे ते तसे नव्हेत. आत हिरवट, स्वच्छ खनिज आहे. पण लघुग्रहाला ना हवा ना ढग. सूर्याकडून येणारा कणांचा वारा लाखो वर्षं थेट अंगावर, आणि वरून बारीक धुळीचे गोळीसारखे मार. त्याने दगडाची वरची साल बदलते, तिच्यात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, आणि दगड काळा-तांबडा दिसू लागतो. दुर्बिणीला दिसते ती फक्त ही साल. ती किती आणि कशी बदलली हे कळलं, तरच आतला दगड ओळखता येतो. खारूताईचं काम हेच होतं. पहिल्या मोजणीत दाण्यांची रेघ निळ्या टोकाला खाली आणि लाल टोकाला वर गेली. अगदी हवी तशी. खारूताई तेव्हा एकटीच होती. तिने टाळी वाजवली आणि कोणी ऐकलं नाही ना म्हणून दाराकडे बघितलं.

मग पाहुण्यांचा दिवस उजाडला. मोठे लोक प्रयोगशाळा बघायला आले. मॅडम सगळं समजावून सांगत होत्या. सांगण्याच्या भरात त्यांनी माझ्या डब्याचं झाकण फिरवलं आणि मला उचललं. उघड्या हाताने.

“ही आमची कसोटी,” त्या म्हणाल्या. “इथे सगळ्यांवर संशय घेतात, हिच्यावर सोडून.”

सगळे हसले. मॅडमचा अंगठा माझ्या गालावर टेकलेला होता. त्यांचे हात सारखे धुऊन धुऊन कोरडे पडतात, म्हणून त्या मलम लावतात. त्या मलमाचा वास मला आला. मला काय वाटलं, खरं सांगू? अभिमान वाटला. एवढ्या लोकांसमोर माझं कौतुक! तो अंगठा मी कधी पिऊन टाकला, ते मलाच कळलं नाही.

त्याच आठवड्यात डबीच्या झाकणाची रबरी कडी सैल झाली. आतला वायू गळत होता. परवानगी घेऊन, बंद काचपेटीला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून खारूताईने ती बदलली. सुट्टीचा दिवस होता आणि खोलीत ती एकटीच होती. मी माझ्या डब्यात, झाकणाखाली. आवाज ऐकले, पण डोळ्यांनी काही पाहिलं नाही.

त्यानंतरच्या मोजणीत दाण्यांची रेघ बदलली. निळं टोक वर आलं. तांबूसपणा उतरला. जणू कोणी त्यांची म्हातारी साल काढून घेतली होती.

“काय गं खारूताई,” दाढीवाला म्हणाला, “तुझे दाणे तर रोज तरुण व्हायला लागलेत. कुठलं मलम लावतेस? माझ्या आईला हवंय.”

खारूताई हसली नाही. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मोजलं, मग इकडेतिकडे बघत एका कपट्यावर काहीतरी लिहिलं आणि तो कपटा खिशात टाकला. रजिस्टरमध्ये लिहिलं नाही.

माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी नजर ठेवायला लागले. आठवडे गेले. ती सगळ्यांच्या आधी यायची आणि दार लावून घ्यायची. दर वेळी आधी दुसरंच काहीतरी मोजायची, कपटा लिहायची, खिशात टाकायची. एकदा तिने खालचा खण उघडला. त्या खणात उल्कापाताच्या दगडाची पूड आहे. खनिजं तीच, पण ताजी, उन्हावाऱ्याचा मार न खाल्लेली. बाटली हातात धरून ती बराच वेळ बसली. मी मनात म्हटलं, सापडली! डबी उघडताना दाणे सांडले असणार. भीतीने हिने ही पूड भरली असणार. धुळीएवढे ते दाणे, नुसतं बघून ओळखायचे म्हणजे साखरेतला दाणा ओळखण्यासारखंच. कोणाला कळणार?

मध्येच तिच्या आईचा फोन आला. “हो गं, जेवले,” ती म्हणत होती. “नाही, रडत नाहीये. सर्दी झालीय. अगं एसी असतो ना इथे.” जेवणाचा डबा तिच्या पिशवीत तसाच होता. मला दया आली नाही. कर नाही त्याला डर कशाला, असं मी म्हटलं.

माझ्यासारखंच दाढीवाल्याला वाटत होतं, आणि शेवटी मॅडमनाही. एका शुक्रवारी दुपारी मॅडमनी तिला टेबलाशी बोलावलं. मामा दिव्याचा पंखा पुसत होते. दाढीवाला कारण नसताना तिथेच थांबला.

“लाखो वर्षांची साल तीन महिन्यांत उतरत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मला एकच सांग. डबी उघडली तेव्हा खोलीत कोण होतं?”

“मी.”

“आणखी?”

“कोणी नाही.”

“काही सांडलं?”

“नाही, मॅडम.”

“सांडलं असेल तर आत्ता सांग. माणसाच्या हातून होतं. पण त्याजागी दुसरं काही भरलं असेल, तर सोमवारी मला दाणे देणाऱ्या संस्थेला पत्र लिहावं लागेल. मग तुला इथेच काय, कुठल्याच प्रयोगशाळेत कोणी उभं करणार नाही.”

खारूताईचा हात खिशाकडे गेला.

“मॅडम, तिचे खिसे बघा की एकदा,” दाढीवाला म्हणाला. “रोज काहीतरी लपवते. मी पाहिलंय.”

“ए, तोंड सांभाळ,” मामा फडकं आपटून म्हणाले. “पोरीचे खिसे काय तपासता? पोलीस ठाणं आहे का हे?”

पण खारूताईने स्वतःच खिसे उलटे केले. टेबलावर पेन्सिलचं थोटूक पडलं, केसांची पिन पडली, बसची तिकिटं पडली, आणि चाळीसएक कपटे. मॅडमनी एक उचलला. मग दुसरा. मग चष्मा लावून खुर्चीत बसल्या.

“‘विटेचा तुकडा, निळा, थोडा वर,’” त्या वाचू लागल्या. “‘वीट पुन्हा निळी.’ ‘खणातली पूड, तीही निळी.’ ही वीट कुठली?”

“बाहेर पडलेली असते ना, त्यातली. यंत्र सुरू केलं की आधी मोजते. यंत्र जागेवर आहे का बघायला. मामांनी सांगितलं होतं पहिल्या वर्षी.”

“हो, मीच,” मामा म्हणाले. “दुकानदार सकाळी तराजूचा काटा बघतो की नाही आधी? तसं.”

“मग हे रजिस्टरमध्ये का नाही?”

खारूताई जमिनीकडे बघत म्हणाली, “वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. विटेचासुद्धा रंग बदलतोय म्हणून सांगितलं असतं, तर सगळे हसले असते.” एवढं लांब वाक्य ती त्या खोलीत पहिल्यांदाच बोलली असेल.

मॅडमनी कपटे तारखेप्रमाणे लावले. बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. “पाहुणे येण्याआधी वीट जागेवर होती. ते येऊन गेल्यानंतर सगळंच निळं झालंय. दाणे, पूड, वीट. दाणे कोणी बदलले म्हणू. पण वीट कोण बदलणार?”

“दिवा?” दाढीवाला म्हणाला.

“दिवा बदलला तरी भागाकारात जातो तो. दोन्हीकडे तोच असतो.”

मग चौघेही वळून माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

दाढीवाल्याने मला दिव्याखाली ठेवलं. यंत्राच्या पडद्यावर रेघ उमटली. सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शंभरावर.

“चकती ठीक आहे,” तो म्हणाला. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

“दादा,” खारूताई हळूच म्हणाली, “तिला तिच्यानेच भागलंय.”

“मग?”

“स्वतःला स्वतःनेच भागलं तर काहीही असलं तरी शंभरच येणार ना. ती काळीकुट्ट असती तरी.”

मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगता येत नाही. म्हणजे माझी ती सरळ रेघ, जिच्यावर मी आजवर मिरवले, ती माझ्याबद्दल काहीच सांगत नव्हती? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशातला माझा प्रकार. सगळ्यांची बोटं तपासली, पण स्वतःचा गाल कधी तपासला नाही.

मामांनी कपाटाची किल्ली काढली. वरच्या खणातून एक मोहोरबंद पाकीट आलं. आत माझ्याच घाण्यातली, माझी सख्खी बहीण होती.

“पाच वर्षं झाली, फोडलं नव्हतं,” मामा ओशाळून म्हणाले. “म्हटलं, चांगल्या कामाला ठेवू.”

“याहून चांगलं काम कुठलं, मामा?” मॅडम म्हणाल्या.

हातमोजे घातले गेले. बहिणीला शंभर धरलं आणि मला तिच्यासमोर उभं केलं. रेघ उजवीकडून सरळ आली आणि निळ्या टोकाशी खाली वाकली. मी पिवळी पडले होते. डोळ्यांना कळणार नाही इतकी, पण यंत्राला कळेल इतकी. निळा उजेड मी खात होते. माझा निळा कमी पडला, म्हणून माझ्याशी तुलना केलेला प्रत्येक दगड जास्त निळा दिसत होता.

मग बहिणीला साक्षी ठेवून डबीतले दाणे मोजले. काळे-तांबूस, पहिल्या दिवशीसारखेच. एक दाणाही बदलला नव्हता.

खारूताई स्टुलावर बसली. रडली नाही. तिने पिशवीतून डबा काढला आणि सगळ्यांसमोर जेवायला लागली. दाढीवाल्याने पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली. ती तिने घेतली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

“हात कुणाचा लागला ते बघायला हवं,” मॅडम म्हणाल्या. मामांनी जांभळ्या उजेडाचा टॉर्च आणला, पडदा ओढला आणि उजेड माझ्यावर टाकला. माझ्या गालावर फिकट चमकणारा एक रुंद अंगठा उमटला. खारूताईच्या अंगठ्याच्या दुप्पट. दाढीवाल्याने घाईघाईने आपला अंगठा बघितला.

मॅडम खाली वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या. मला भीती वाटली. त्या आता ‘बाहेरच्या कोणीतरी’ म्हणतील, टॉर्च विझवतील आणि विषय संपेल. माझ्याशिवाय साक्षीदार कोण होतं? आणि माझी साक्ष तर नुकतीच खोटी ठरली होती.

त्या सरळ झाल्या. “माझा आहे,” त्या म्हणाल्या. “पाहुण्यांना दाखवताना उचलली होती. मलम लावलेल्या हाताने.”

मामा खोकले.

मॅडमनी रजिस्टर ओढलं आणि पाहुण्यांच्या दिवसाच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ‘चकतीला उघड्या हाताने स्पर्श. त्यानंतरची सर्व मोजमापं चुकीची.’ खाली सही केली. मग तिथेच उभं राहून त्या संस्थेला फोन लावला. “दाणे सुरक्षित आहेत,” त्या म्हणत होत्या. “चूक आमच्याकडची. नाही, विद्यार्थिनीची नाही. माझी. तिने पकडली.”

फोन ठेवून त्या खारूताईसमोर आल्या. म्हणाल्या, “तुझ्याशी असं बोलायला नको होतं मी.”

खारूताईने तोंडातला घास संपवला. “मॅडम, हे कपटे रजिस्टरमध्ये चिकटवू का?”

“चिकटव. सगळे. विटेचा पहिला.”

माझं काय झालं? दुसऱ्या दिवशी मामांनी मला नळाखाली धरलं, पाण्याच्या धारेत, आणि बारीक पॉलिशपेपरने गोल गोल घासलं. माझी वरची साल दुधासारखी वाहून गेली. दुखलं म्हणणार नाही. पण आपलीच कातडी मोरीत जाताना बघायची, हा अनुभव काही सुखाचा नाही. आता मी पूर्वीपेक्षा केसभर पातळ आहे आणि पुन्हा पांढरी आहे. बहीण टेबलावर काम करते, मी कपाटात राहते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खारूताई आम्हा दोघींना एकमेकींसमोर उभं करते आणि जे येईल ते रजिस्टरमध्ये लिहिते. आता खिशात काही टाकत नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. तिची मोजमापं पहिल्यापासून पुन्हा चालली आहेत. तीन महिने वाया गेले, पण तिच्या नावाला डाग लागला नाही.

वाचणाऱ्यांनो, एक विनंती आहे. मला हात लावू नका. चुकून लागलाच, तर सांगून टाका. मी घासून निघते, न सांगितलेला हात मात्र निघत नाही. आणि ज्याच्यावर कोणी संशय घेत नाही, त्याला अधूनमधून दुसऱ्या कोणासमोर उभं करत जा.

आमच्या खोलीत आलात, तर माझ्या बहिणीवरही नजर ठेवा. ती सध्या फार पांढरी आहे, आणि तिला ते माहीत आहे.